हिरव्या बटनावरचा रुमाल

रुमाल तसाच बांधलेला होता आणि मोटर चालू झाली.

मी बघत होते. मी तिथेच होते ना, पोरीला पाजत बसलेली. समोर स्टार्टरची पेटी, पेटीच्या कडीतून हिरव्या बटनावर ओढून बांधलेला त्याचा लाल रुमाल, गाठ त्याचीच, आणि आतून खट् झालं आणि मोटर घुमायला लागली. आणि तो खाली होता. माझा नवरा खाली होता, जॅकवेलमध्ये, कमरेला दोर बांधून, जाळीला अडकलेलं गवत हाताने ओढून काढत होता, आणि मोटर त्या जाळीतूनच पाणी खेचते.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. पोरीला तशीच एका हातात धरून मी लाल बटन दाबलं. मोटर मंद झाली, मी म्हटलं सुटला, आणि परत खट्. कोणाचा हात नाही, रुमाल तसाच, आणि मोटर परत चालू. परत लाल दाबलं. परत खट्. मग मी मेन स्विचकडे पळाले. मेन उंचावर आहे, खाली ओलं होतं, पायात चप्पल नाही, काखेत पोरगी, शॉक लागला तर दोघी जाऊ असं डोक्यात आलं, आणि ते येईपर्यंत हाताने दांडा खाली ओढूनही टाकला होता.

मग एकदम शांत. पोरगीसुद्धा रडायची थांबली. मी काठाला जाऊन वाकले आणि माझ्या तोंडातून त्याला हाक निघेना, भीती वाटत होती की हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर काय करू. मग खालून तोच बोलला, आमच्या बोलीत, हळू, "दोर ओढ."

मी एकटी काय ओढणार. बाजूच्या केळीच्या बागेत माणसं होती, त्यांना बोलावलं, त्यांनी ओढला. वर आला तेव्हा उजवा हात त्याने पोटाशी धरलेला होता आणि बनियनचा रंग कळत नव्हता. जाळीने बोटं धरली होती. मोटर आणखी थोडा वेळ चालली असती तर हात गेला असता, आणि हातामागे तो.

हे मी का लिहिते आहे ते आधी सांगते, कारण मी काही लिहिणारी नाही. नववीपर्यंत आश्रमशाळेत होते, मग लग्न झालं. घरात आम्ही पावरी बोलतो, गावात अहिराणी, मराठी मला शाळेतून आली आणि तेवढीच आहे. पण या गावात आजही निम्मी माणसं म्हणतात की बटन मीच दाबलं. म्हणून लिहिते.

माझं माहेर-सासर दोन्ही वर डोंगरात, तोरणमाळच्या वाटेला. इथे तापीच्या काठाला आम्ही आधी केळीच्या कामाला आलो, मग पाण्याच्या सोसायटीत लागलो. सोसायटी म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक. नदीकाठी जॅकवेल आहे, म्हणजे मोठी गोल सिमेंटची विहीर, नदीचं पाणी तिच्यात येतं आणि मोटरीने वर शेतांना जातं. नवरा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि विहिरीत उतरून जाळी साफ करायचा. मी मोटरीच्या खोलीत बसायची, कोणाच्या पाण्याची पाळी आहे ते बघायची, मोटर गरम होते का ते बघायची. खोलीच्या कडीला साडीची झोळी बांधून पोरीला त्यात टाकायची. काम चांगलं होतं. सावलीत होतं.

आणि रुमालाची रीत आम्ही आणलेली नाही, आम्ही यायच्या आधीपासून आहे. जो विहिरीत उतरेल त्याने आपला रुमाल स्टार्टरवर बांधायचा, हिरवं बटन झाकेल असा. रुमाल दिसला की कोणी हात लावायचा नाही. सोडायचा तर ज्याचा त्यानेच, वर आल्यावर. दारुडा माणूस असो, भांडकुदळ असो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा असो, दुसऱ्याच्या रुमालाला कोणी बोट लावत नाही. चेअरमन आप्पा स्वतः एकदा पाणी पाहिजे म्हणून तणतणत आले होते आणि रुमाल बघून बाहेर बाजेवर गप बसून राहिले.

मग मेन का नाही पाडायचे, असं दवाखान्यात डॉक्टरने विचारलं. पाडत नव्हते. कारण मधे तो डबा आला. आप्पांनीच आणला, शहरातून. भिंतीवर लावलेला छोटा डबा, त्याला एक निळी केबल, आणि त्या केबलने इंटरनेट. आप्पा घरी बसून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायचे. सगळ्यांना मोबाइल दाखवत फिरायचे, हिरवं असेल तर चालू, लाल असेल तर बंद. मेन पाडला की डबाही बंद पडायचा, आणि परत चालू केला की कोणाच्या शेताला कधी पाणी ते सगळं पुसलेलं असायचं. मग आप्पांचा फोन, मग शिव्या. म्हणून कोणी उतरायचा असेल तर मी आप्पांना फोन करून सांगायचे की मोबाइलला हात लावू नका, आणि वर रुमाल असायचाच. तेवढ्यावर चाललं होतं.

त्या दिवशीही मी फोन केला होता. आप्पा म्हणाले होते, बरं.

नवऱ्याला शहाद्याच्या दवाखान्यात आप्पांनीच आपल्या गाडीतून नेलं, ते मी विसरणार नाही. गाडीत त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. पण संध्याकाळी गावात परत आल्यावर सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली आणि तेच आप्पा मला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय करी टाकं वं बाई तू?"

मी म्हटलं, "आप्पा, मी काही केलं नाही. रुमाल बांधलेला होता."

"रुमाल व्हता, मंग मोटर कोनी चालू करी? भूतनी?"

माणसं हसली. एक जण म्हणाला, "पोरगीनी दाबं व्हई बटन."

"ती अजून बसत नाही, दादा," मी म्हटलं. "उभी राहून बटन दाबायला लागली तर मी तुम्हाला पेढे देईन."

त्यावर दुसरा बोलला. "तूच रुमाल सोडीसन परत बांधी दिन्हा व्हई. डोंगरवरनी बाई, इले मशीनमधलं काय समजस?"

मला रडू आलं, आणि मी रडलेही, पण रडता रडता सांगितलं की ती गाठ आम्ही लाकडाच्या मोळीला मारतो तशी आहे, ती एका हाताने बसत नाही, आणि माझ्या एका हातात पोरगी होती. ज्याला वाटतं त्याने बांधून दाखवावी. कोणी उठलं नाही. पण कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही.

आप्पा म्हणाले, "मी तर मोबाइलले हात लावा नही. मन्ही शप्पथ." ते खरं बोलत होते, मला ते कळत होतं. मग उरले कोण? मीच उरले. खोलीत एकच माणूस होतं आणि ते मी.

डबा बसवणारा इंजिनीअर नाशिकला असतो. त्याचा नंबर खोलीत भिंतीवर खडूने लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, डब्यात फायरवॉल आहे. मी म्हटलं ते काय असतं. म्हणाला, पहारा. बाहेरून डब्याकडे जे काही येतं त्याची तपासणी होते, आप्पांच्या मोबाइलशिवाय दुसऱ्या कोणाचं काही आत येऊच शकत नाही. तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल.

मी म्हटलं, "भाऊ, रुमाल बांधलेला होता."

त्याला रुमालाचं काय कळणार. मी फोन ठेवला आणि परत लावला. दिवसभर लावला. पाणी पिताना लावला, पोरीला झोपवताना लावला, एस.टी.त बसून दवाखान्यात जाताना लावला. तो उचलायचा आणि मी तेच म्हणायचे, रुमाल बांधलेला होता, मी लाल दाबलं तरी परत चालू झाली, माणूस असता तर दिसला असता ना हो. दुसरं मला काही सांगता येत नव्हतं. मला भीती वाटत होती की एकदा मी गप्प बसले की माझं मलाच वाटायला लागेल की कदाचित माझ्याच हाताने झालं.

शेवटी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला होता. म्हणाला, ताई, कोणी विहिरीत उतरू नका, मी येतोय. म्हणाला, डब्याच्या आत जी सिस्टीम आहे तिच्या मुळातच एक भोक सापडलंय, कंपनीने आत्ताच कळवलं.

तो आला, लॅपटॉप घेऊन, अंगात ताप असल्यासारखं तोंड करून. आप्पा आले, ओट्यावरची माणसंही आली. त्याने आधी मोटरीचे फ्यूज काढून खिशात घातले, म्हणजे मोटर फिरणार नाही, फक्त स्टार्टर खट् वाजेल. मग मला म्हणाला, "ताई, रुमाल बांधा. तसाच."

पोरीला झोळीत टाकून मी दोन्ही हातांनी, मोळीचीच गाठ मारून, बांधला.

त्याने सांगितलं की आता मी परका माणूस आहे, माझा मोबाइल यादीत नाही, आणि मी मोटरीला हुकूम पाठवतोय. पाठवला. काही झालं नाही. "बघा, पहाऱ्याने अडवला," तो म्हणाला. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की झालं तुझं.

मग तो म्हणाला, "आता तोच हुकूम तुकडे करून पाठवतो."

खट्.

रुमाल तसाच. त्याने बंद केलं, परत पाठवलं. खट्. आमच्या पोरीला तो आवाज ओळखीचा झाला होता की काय, ती झोळीत दचकली आणि रडायला लागली, आणि मला तिला घ्यायला जाताच येईना, मी त्या रुमालाकडे बघत उभी होते.

त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. इंटरनेटवर जे काही येतं ते छोट्या छोट्या पाकिटांतून येतं. पाकिटावर लिहिलेलं असतं की कोणाकडून आलं आणि आतल्या कोणत्या दाराला जायचंय. पहारा ते वाचतो आणि सोडतो किंवा अडवतो. पण पाकीट मोठं असेल तर त्याचे तुकडे होतात, आणि दाराचं लिहिलेलं असतं ते फक्त पहिल्या तुकड्यावर. बरोबर काम करणारा पहारा सगळे तुकडे आधी जुळवतो आणि मग वाचतो. या डब्याच्या सिस्टीममधला पहारा एका ठिकाणी चुकत होता. ठरावीक तऱ्हेने तुकडे केले तर तो पहिला वाचायचा, हा निरुपद्रवी आहे म्हणायचा, आणि मागचे न बघता सोडून द्यायचा. आत गेल्यावर ते जुळायचे आणि अख्खा हुकूम तयार. "माझे नियम बरोबर होते," तो म्हणाला, "पण नियम पाळणाराच भोकाचा निघाला."

मला ते असं समजलं जसं कोणी माझ्या घरातलंच सांगावं. लहान असताना आम्ही बायकांबरोबर सरपण आणायला जायचो. जंगलाच्या नाक्यावर गार्ड पहिलीची मोळी बघायचा, वाळकी काटकी दिसली की चला म्हणायचा, आणि मागच्या सगळ्या निघून जायच्या. आमच्या घराला सागाचं दार आहे. ते असंच आलं. मोळ्यांच्या पोटात, तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या बायकांच्या डोक्यावरून, आणि घरी आल्यावर माझ्या आजोबांनी जोडलं. मी ते तिथेच बोलून टाकलं. इंजिनीअर पहिल्यांदा हसला. म्हणाला, "ताई, अगदी तसंच नाही, पण जवळपास तसंच." मागून कोणीतरी बोललं, "म्हंजे ह्यासनं जुनंच काम शे!" आणि पुन्हा हसली माणसं. हसू देत. आमचं दार अजून उभं आहे.

आप्पांनी विचारलं, "पन पाठाडं कोनी?"

ते त्यालाही सांगता आलं नाही. म्हणाला, जगात कुठेतरी बसून लोक दारं ढकलत फिरत असतात, माणूसही नसतो कधीकधी, मशीनच फिरतं, दिसेल ते दार ढकलतं. त्याला ठाऊकही नसेल की या दारामागे विहीर आहे. लाल बटन दाबलं तरी परत चालू होत होती कारण ते परत परत ढकलत होतं.

त्याला ठाऊकही नसेल. हे मला फार लागलं. जिथे शत्रूसुद्धा रुमालाला हात लावत नाही तिथे कोण कुठला, ज्याला रुमाल दिसतच नाही, त्याने माझ्या माणसाचा हात घेतला. डॉक्टरने दोन बोटं काढली.

मला वाटलं आता संपलं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं. पण इंजिनीअर म्हणाला की डबा जुन्या मॉडेलचा आहे, त्याच्यासाठी भोक बुजवणारी दुरुस्ती कधी येईल सांगता येत नाही, तोपर्यंत निळी केबल काढून ठेवा आणि मोटर हाताने चालवा. आणि तो गेला. आणि त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"मन्हं ऐक, माय. सभामा सांग, मन्ही चूक व्हई गयी. इतलंच. तुले कोनी काढाव नही, तुन्हा नवरानं काम बी ऱ्हाई."

"पण चूक माझी नाही, आप्पा. तुम्ही बघितलं."

"मी देखं. पन लोकेसले काय सांगू? मीच आना डबा, मीच सांगं का पक्का शे. पप्पई सुकी ऱ्हायनी, केबल काढी तं रातदिन कोन बठी मोटरजवळ? नवरा वाचना ना तुन्हा? मंग?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांची मान खाली होती. त्यांना सभेत उभं राहायची लाज वाटत होती आणि माझ्या लाजेची किंमत कमी, एवढाच हिशेब. पण त्या "मंग?"ने माझ्या अंगात काहीतरी पेटलं. मी म्हटलं, मी बसेन मोटरजवळ, पोरीला घेऊन बसेन, पण मी चूक म्हणणार नाही. मी चूक म्हटलं की डबा पक्का ठरतो. डबा पक्का ठरला की केबल परत लागते. आणि मग परत कोणीतरी रुमाल बांधून खाली उतरतो.

सभेत मी तेच बोलले. मी खांबाला धरून उभी होते. पूर्ण वाक्यं बोलले की नाही मला माहीत नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी काही ठरवलंही नाही. केबल दोन दिवस बाहेर राहिली आणि तिसऱ्या दिवशी मी सकाळी येऊन बघते तर परत लावलेली, आणि आप्पांच्या मोबाइलवर हिरवं.

आणि जाळीला गवत परत आलं. ते येतंच.

या वेळी उतरायला गावातला एक म्हातारा माणूस आला, सगळे त्याला मामा म्हणतात. माझा नवरा खोलीच्या दारात बसला होता, हाताला पट्टी. मामांनी रुमाल काढला आणि सवयीने हिरव्या बटनावर बांधायला लागले. मी म्हटलं, "मामा, थांबा."

मी मेन पाडला. डबा बंद झाला. मग निळी केबल दोन्हीकडून उपटली, गुंडाळली आणि मामांच्या गळ्यात घातली.

"काय वं, मन्ही वरात काढस का आते?" मामा म्हणाले.

"घालून उतरा," मी म्हटलं. "रुमाल राहू दे, तो आपल्या माणसांसाठी. ही बाहेरच्यांसाठी. ही तुमच्या गळ्यात असेपर्यंत तुम्हाला बाहेरून कोणी काही करू शकत नाही. वर आलात की तुम्हीच काढायची, दुसऱ्या कोणी नाही."

मामांनी केबल बोटाने चाचपली, माझ्या नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, आणि केबल गळ्यात ठेवूनच उतरले.

मोबाइल लाल झाला असणार, कारण थोड्या वेळात आप्पा आलेच. दारातच ओरडले, "मेन कोनी पाडा? केबल कुठे शे?"

"खाली आहे, आप्पा," मी म्हटलं. "मामांच्या गळ्यात. पाहिजे असेल तर उतरा."

पोरीला मी इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुर करत होती. आप्पा मेनकडे निघाले तर मी मेनच्या खाली जाऊन उभी राहिले. मला ढकलणं त्यांना अवघड नव्हतं. नवरा पट्टीचा हात घेऊन उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आप्पा म्हणाले, "सकायपासून येवानं नही तू."

मी म्हटलं, "येणार."

खालून मामांचा आवाज येत होता, गवत ओढताना काहीतरी गुणगुणत होते. आम्ही तिघं वर तसेच उभे, ते वर येईपर्यंत.

उद्या मी जाणार आहे. खोलीला कुलूप असेल तर ओट्यावर बसेन. नवी केबल बाजारात मिळते, मला ठाऊक आहे, आप्पा आणतील. मग ती पण काढेन. घरी आल्यावर भीती वाटते, हे पण खरं आहे, पोरीचं पुढे काय, वर डोंगरात परत जायचं की काय, सगळं डोक्यात येतं. नवरा म्हणतो गप्प बस. मग स्वतःच म्हणतो, नको बसू.

तुम्ही वाचणारे शिकलेले असाल. मला एक सांगा. काखेत पोर आहे, समोर रुमाल बांधलेला आहे, खाली कोणाचा तरी माणूस आहे, आणि एक जण म्हणतोय की फक्त एवढंच म्हण, माझी चूक झाली. तुम्ही काय केलं असतं?